नवव्या पानावरचा आकडा

१

त्या पत्राला मी एकोणीस दिवस उत्तर दिलं नाही. आयुष्यात मी बरीच उत्तरं टाळली आहेत, कारण माझ्या उत्तरावाचून कुणाचं काही अडत असेल असं मला कधी वाटलंच नाही. या पत्रानं मात्र तेवढी सवड ठेवली नव्हती.

मी ग्राहक संघाच्या प्रयोगशाळेत दप्तर सांभाळतो. वय एकाहत्तर. आमच्याकडे किटल्या, पाळणे, इस्त्र्या आणि मोबाइल फोन तपासले जातात. निकाल संघाच्या मासिकात छापतात आणि त्यामागचे कागद माझ्या कपाटात येतात. सगळे मला कपाटबुवा म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणजे प्रेमानंच म्हणत असावेत, असं मी धरून चाललो आहे.

पत्र आठ तारखेला आलं. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत.

‘मी फोनच्या दुकानात काउंटरवर असते. तुमच्या मासिकात अकरा नंबरच्या फोनपुढे छापलं आहे: खिशात ठेवल्यासारखं मोजलं, अंतर पाच मिलिमीटर, आकडा ०.९४. त्याच फोनच्या खोक्यातली पुस्तिका माझ्यासमोर आहे. पान एकेचाळीस, खालून तिसरी ओळ: अंगापासून अंतर पंधरा मिलिमीटर, आकडा ०.९४. शेगडीपासून हात लांब असताना जेवढी धग लागते, तेवढीच हात जवळ नेल्यावर कशी लागेल? मी ती ओळ गिऱ्हाइकांना वाचून दाखवते आणि फोन अंगाला चिकटवून ठेवू नका म्हणते. मालक म्हणतात, मासिक खरं की तू खरी? तीस तारखेपर्यंत मी लिहून द्यायचं आहे की मी खोटं सांगून गिऱ्हाइकं घालवली. नाहीतर नोकरी सोडायची. तुमचा आकडा बरोबर असेल तर तसं कळवा, मी लिहून देईन. बरोबर नसेल तरी कळवा.’

हा आकडा म्हणजे फोनच्या लहरींतली किती शक्ती अंगात मुरते याचं माप. कायद्यानं घातलेली मर्यादा १.६. फोन अंगाच्या जितका जवळ तितका आकडा मोठा. एवढं मलाही कळतं. पण वीस फोनांचा तो तक्ता माझ्या डोळ्यांखालून गेला होता आणि मला काही खटकलं नव्हतं. मी कागद वाचत नाही, पानं मोजतो. हा माझा जुना दोष आहे.

मी अकरा नंबरच्या फोनची फाईल काढली. फाईलमध्ये पान आलं की त्याच दिवशी मी कोपऱ्यात पेन्सिलीनं त्याचा नंबर टाकतो. आठवं पान होतं, दहावं होतं. मधल्या पानावर ‘पाच मिलिमीटर, ०.९४’ असं छापलेलं होतं, तारीख दोन महिन्यांपूर्वीची बारा. कोपरा मात्र कोरा. पेन्सिलीचा नंबर नव्हता.

म्हणजे मी नंबर टाकलेलं नववं पान कुणीतरी काढून नेलं होतं आणि त्या जागी हे घातलं होतं.

खाली मोजणाऱ्याची सही होती. सही करणारीच्या लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. ती सही माझ्या भाचीची होती.

२

आम्ही तिघं एका घरात राहतो: मी, माझी थोरली बहीण आणि तिची मुलगी. भाची प्रयोगशाळेत फोन मोजते. मोजायचं यंत्र म्हणजे एक उथळ टाकी, तिच्यात शरीराच्या मांसासारखं वागणारं द्रावण. टाकीच्या तळाखाली फोन ठेवायचा, मधे हव्या त्या जाडीची फोमची चकती घालायची आणि वरून एक यांत्रिक हात द्रावणात सुई बुडवून टिपत जातो. भाची हे काम आठ वर्षं करते आहे. तिच्या हाताला सदा साखरेचा चिकटा असतो, कारण त्या द्रावणात साखर असते.

जेवताना मी विषय काढला. मला विषय काढता येत नाही, तो माझ्या हातून सांडतो.

“अकरा नंबरचा फोन,” मी म्हणालो. “पाचवर किती आला होता गं?”

तिचा घास तसाच राहिला. “मासिकात छापलंय की.”

“मासिकात छापलेलं मी वाचलं. तू काय मोजलंस ते विचारतोय.”

“आपल्याकडे कागदावर सही केलीये मी, मामा. निकाल बाहेर बोलायचे नाहीत.”

“मी बाहेरचा आहे का?”

“तू कपाट आहेस,” ती म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. “तसं नाही रे. पण तू यात पडू नकोस.”

ताईनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “काय झालंय ते मला कळेल का? की या घरात मी नुसती वाढणारी?”

मी तिला पत्र वाचून दाखवलं. भाचीनं ते ऐकलं, ताट सारलं आणि उठली. दारात थांबून म्हणाली, “मामा, फाईल बंद कर. आणि त्या बाईला उत्तर लिहू नकोस.”

ती असं माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी फाईल बंद केली. सांगायला लाज वाटते, पण त्यानंतर अकरा दिवस मी काही केलं नाही. पत्र पुस्तकात ठेवलं, पुस्तक फळीवर ठेवलं आणि फळीकडे पाठ करून बसलो. भाचीनं आकडा बदलला असेल तर ते मला शोधायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती.

बाराव्या दिवशी ताईनं फळी पुसताना ते पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. “पत्र उघडून वाचायचं आणि उत्तर द्यायचं नाही, म्हणजे दार उघडून माणसाच्या तोंडावर लावायचं. त्यापेक्षा उघडूच नये.”

“तुझ्या मुलीची सही आहे त्या कागदावर,” मी म्हणालो.

“मग तिला विचार. माझ्या मुलीला वाचवायला तू दुसऱ्या कुणाच्या मुलीला बुडवणार असशील, तर तसलं वाचवणं मला नको.”

ताई शिकलेली कमी आहे. मी आयुष्यभर वाचत आलो, पण हे वाक्य मला सुचलं नसतं.

३

मी फाईल पुन्हा काढली आणि या वेळी पानं मोजली नाहीत, वाचली.

मोजणीच्या प्रत्येक पानावर त्या दिवसाच्या द्रावणाचे आकडे लिहावे लागतात: तापमान आणि विजेचे दोन गुणधर्म. ते न जुळले तर मोजणी बाद. हे आकडे द्रावणाच्या रोजनिशीतून येतात. मी रोजनिशी शेजारी ठेवली. बारा तारखेचे आकडे पानावरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. म्हणजे पान खरं.

मग माझी नजर रोजनिशीत एक ओळ वर गेली. अकरा तारीख. तेच आकडे. दशांशापर्यंत तेच.

मी मागची सहा महिन्यांची पानं उलटली. कुठल्याही दोन दिवसांचे आकडे सारखे नव्हते. नसणारच, कारण द्रावणातलं पाणी उडतं, सकाळी नवं घालतात, खोली कधी गार असते, कधी उबदार. एवढ्या सगळ्या दिवसांत फक्त अकरा आणि बारा जुळी भावंडं.

रोजनिशी लिहितात ते आमचे काढेवाले. पाणी, साखर, मीठ आणि बुरशी धरू नये म्हणून एक औषध, असं ते द्रावण ते ढवळतात. म्हणून त्यांना सगळे काढेवाले म्हणतात. मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ. मी वर गेलो तेव्हा ते मीठ तोलत होते.

“या बुवा. कपाटाला सुट्टी?”

“बारा तारखेचा काढा,” मी रोजनिशी पुढे केली, “फारच अकरा तारखेसारखा आहे.”

ते रोजनिशीकडे पाहत राहिले. मीठ तोलायचा चमचा त्यांनी खाली ठेवला, मग परत उचलला, मग परत ठेवला.

“चांगला झाला होता,” ते म्हणाले.

“दशांशापर्यंत?”

“हात बसलाय माझा.”

“हात बसलाय हो, पण पाणी उडतं. ते तुमच्या हाताचं ऐकत नाही.” मी कुणाशी असा बोलल्याचं मला आठवत नाही. बोललो आणि माझेच कान तापले.

ते उठले, त्यांनी दार लोटलं. “बुवा, एकवीस वर्षं झाली मला. एकदाही चुकलो नव्हतो. त्या खेपेला औषध घालायचं राहिलं. बारा तारखेला सकाळी झाकण उघडलं तर वर काळी साय. आणि वास, काय सांगू. सगळी टाकी ओतून दिली. घासली, उन्हात वाळत ठेवली. नवा काढा तेरा तारखेला.”

“आणि रोजनिशीत?”

“रोजनिशीत काय लिहू? काढ्याला बुरशी लागली म्हणून? खाली सगळे हसले असते. कालचे आकडे टाकले, पुढे ‘ठीक’ लिहिलं. त्या दिवशी मोजणीच नव्हती, कुणाचं काय बिघडलं?”

“माझ्या भाचीला हे माहीत होतं?”

“टाकी घासायला तीच तर होती बरोबर. म्हणाली, काढेवाले, मी कुणाला सांगणार नाही.”

मी जिना उतरलो तेव्हा पाय हलके झाले होते आणि डोकं जड. बारा तारखेला टाकीत थेंबही नव्हता. त्या दिवशी फोन मोजला असं सांगणारं पान निखालस खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, अशी दोन माणसं होती.

पण दोघांपैकी एकानंही ते बनवलेलं नव्हतं. का, ते मला दिसत होतं. मला पुरावा हवा होता, आणि अकरा नंबरचा फोन आमच्या साठ्यात नव्हता. नोंदीत लिहिलं होतं: कंपनीला परत.

४

पत्रावर दुकानाचा पत्ता होता. मी मोबाइल कधी वापरलेला नाही, त्यामुळे त्या दुकानात शिरताना मला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. काचेच्या काउंटरमागे तिशीतली एक बाई होती. चष्मा, केस घट्ट बांधलेले, आणि उभं राहायची अशी पद्धत की दिवसभर उभं राहायचं आहे हे तिनं मान्य केलेलं होतं.

मी कोण हे सांगायचं धाडस झालं नाही. मी फक्त फोनचं नाव सांगितलं.

“कुणासाठी, काका?”

“माझ्यासाठी.”

“कुठं ठेवणार?”

मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. तिनं मालकाच्या टेबलाकडे एकदा पाहिलं, खोकं उघडलं आणि पुस्तिका काढली. पान शोधावं लागलं नाही, तिचं बोट थेट तिथं गेलं.

“हे वाचा. अंगापासून पंधरा मिलिमीटर, असं कंपनीच सांगते. तुमच्या खिशात एवढी जागा नाही. पिशवीत ठेवा, टेबलावर ठेवा. बोलताना स्पीकर लावा. घ्यायला हरकत नाही, फोन चांगला आहे. फक्त हे माहीत असू द्या.”

“झालं हिचं सुरू,” मालक टेबलामागून म्हणाला. माणूस वाईट वाटत नव्हता, थकलेला वाटत होता. “आजोबा, घाबरू नका. मासिकात आलंय, खिशात ठेवला तरी काही होत नाही. या बाईसाहेब शास्त्रज्ञ आहेत आमच्या. सोमवारपर्यंत आहेत, बघून घ्या.”

“सोमवारी काय आहे?” मी विचारलं.

“तीस तारीख,” ती म्हणाली. “मी एक कागद लिहून द्यायचाय.”

“देणार?”

ती माझ्याकडे नीट पाहू लागली. “मी विचारलंय एका ठिकाणी. ते म्हणाले मी चुकले, तर देईन. उगाच अडून बसणारी नाही मी. पण कुणी काही म्हणतच नाहीये.” तिनं पुस्तिका खोक्यात घातली आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. “दोन मुलं आहेत, काका. नोकरी मलाही हवीच आहे. पण न विचारता कसं लिहून देऊ?”

मी खोकं काखेत घेऊन बाहेर पडलो. तिच्यासमोर तोंड उघडून ‘ते ठिकाण मी आहे’ असं म्हणता आलं नाही. तो दिवस होता गुरुवार, सव्वीस.

५

शुक्रवारी सकाळी मी तिघांना वरच्या खोलीत बोलावलं. बोलावलं हा शब्द मोठा झाला. भाची आणि काढेवाले तिथंच होते. साहेबांना मी म्हणालो, “जरा वर याल का?” आणि ते इतके चकित झाले की आले.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक. पाळण्यांची तपासणी त्यांनीच सुरू केली. निकृष्ट पाळणे बाजारातून काढायला लावले ते त्यांनीच. हे मी आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना मला ते विसरायचं नाही.

“नववं पान खोटं आहे,” मी म्हणालो. टाकीचा काठ मी धरून ठेवला होता. “त्यावर तारीख बारा आहे. बारा तारखेला टाकी रिकामी होती.”

“रोजनिशीत ‘ठीक’ लिहिलंय,” साहेब म्हणाले.

काढेवाल्यांनी खाली मान घातली. “ते मी खोटं लिहिलंय, साहेब. बुरशी लागली होती.”



“आता बघा,” मी म्हणालो. “हे पान बनवणाऱ्यानं द्रावणाचे आकडे रोजनिशीतून उचलले आणि बारा तारीख टाकली. टाकी रिकामी आहे हे माहीत असलेला माणूस ती तारीख टाकील का? काढेवाल्यांनी टाकली नसती. माझ्या भाचीनंही नाही, तिनं ती टाकी घासली होती. ज्यानं पान बनवलं तो त्या दिवशी या खोलीत आलेलाच नाही. तो खाली बसून रोजनिशीवर विश्वास ठेवत होता.”

“सही तिची आहे,” साहेब म्हणाले.

“सोमवारी ती आठवड्याभराचे कोरे कागद सही करून ठेवते. मोजणी सुरू झाली की हात चिकट होतात, कागद खराब होतात. तो गठ्ठा माझ्या खोलीत असतो. मला ते कधी पटलं नव्हतं, पण मी बोललो नाही, कारण मी बोलत नाही. आकडे कॉम्प्युटरवर भरून त्याच कागदावर छापायचे. कपाटाची किल्ली माझ्या खणात असते, हे सगळ्यांना माहीत आहे. आता या दोघांना सोडून त्या गठ्ठ्यापाशी आणि रोजनिशीपाशी जाणारी माणसं उरली दोन. मी आणि तुम्ही. मी आधी माझाच संशय घेतला. पण मला छपाईचं यंत्र चालवता येत नाही. गेल्या वर्षी मी त्यात जाड पुठ्ठा घातला होता, ते दुरुस्त करायला माणूस आला होता.”

भाची हसली. तशा वेळीही हसली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, “मी दहा तारखेला मोजलं होतं, साहेब. पाचवर २.१२ आला. तुम्ही म्हणालात, चूक असेल, नव्या नमुन्यावर पुन्हा मोजू. नंतर नमुनाच गेला. मासिक आलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही बाहेरून मोजून आणलं असेल. म्हणजे, मी तसं वाटून घेतलं.”

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. “छापायच्या आधी आकडे कंपन्यांना पाठवायचे असतात, तुम्हाला माहीत आहे. या फोनच्या कंपनीच्या वकिलाचं उलट पत्र आलं. कायद्यात अंतर पंधरा आहे, पंधरावर फोन पास आहे, पाचचा आकडा छापलात तर कोर्टात खेचू. आपल्याकडे एक वकील आहे, तोही फुकट काम करणारा. प्रयोगशाळा बंद पडली असती, कपाटबुवा. मग पाळणे कोण तपासणार?”

“मग त्याच्यापुढे पंधरा लिहायचं होतं,” मी म्हणालो. “तेही खरं होतं.”

“वीस फोनांच्या डोक्यावर एकच मथळा, अंतर पाच. एकापुढेच पंधरा लिहिलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, का?”

“विचारलं असतं. त्यासाठीच तर ते मासिक घेतात.”

साहेब उठून उभे राहिले. मग त्यांच्यातला संचालक परत आला. “हे सगळं तुमचं बोलणं झालं. दहा तारखेचं पान नाही, यंत्रातली नोंद नाही, नमुना नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?”

मी पिशवीतून खोकं काढलं आणि टाकीच्या काठावर ठेवलं.

६

भाचीनं खोकं उघडलं. फोन चार्ज केला, तळाखाली बसवला, पाच मिलिमीटरची चकती मधे घातली, खोट्या टॉवरचं काम करणारा डबा सुरू केला. तो फोनला पूर्ण शक्तीवर बोलता ठेवतो.

“थांबा,” साहेब म्हणाले. “माझी परवानगी नाही.”

“मग तसं लिहून द्या साहेब,” ती म्हणाली. “पुन्हा मोजायला मनाई केली म्हणून. मी ते फाईलला लावते. मामा नंबर टाकेल.”

त्यांनी लिहून दिलं नाही. गेलेही नाहीत.

काढेवाल्यांनी थर्मामीटर बुडवला. “आजचे आकडे लिहा,” ते म्हणाले, “आणि खात्री बाळगा. आज औषध घातलंय.”

यांत्रिक हात खाली आला. सुई द्रावणात शिरली आणि एक-एक ठिपका घेत सरकू लागली. या मोजणीला वीस मिनिटं लागतात. चार माणसं एका टाकीभोवती उभी राहून काही न बोलता वीस मिनिटं काढतात, तेव्हा ती फार लांबतात. पडद्यावर रंग भरत होते, मधे पिवळा, पिवळ्यात लाल. मी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

हात वर आला. भाचीनं आकडा वाचून दाखवला.

“दोन पूर्णांक शून्य आठ.”

काढेवाले पुटपुटले, “मर्यादा एक पूर्णांक सहा.”

भाचीनं हात धुतले, पुसले, आणि पान छापून झाल्यावर सही केली. काढेवाल्यांनी तिच्याखाली सही केली. मी कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकला आणि एकच काम माझं राहिलं.

“त्या बाईला मी उत्तर पाठवणार आहे,” मी साहेबांना म्हणालो.

“संघाच्या नावानं एक ओळ जाणार नाही. हा आदेश समजा. पाठवलंत तर उद्यापासून येऊ नका. आणि हे दोघंही जबाबदार राहतील.”

मी भाचीकडे पाहिलं. माझं धैर्य इतकंच असतं, दुसऱ्याकडे पाहण्यापुरतं.

“मामा,” ती म्हणाली, “नोकरी मी दुसरी बघेन. पण माझी सही असलेला खोटा कागद तसाच राहू द्यायचा नाही. लिही तू.”

“माझी बुरशीही लिहा,” काढेवाले म्हणाले. “हसू दे कुणाला हसायचं तर.”

साहेब जिन्याकडे निघाले. मागे न वळता म्हणाले, “कपाटबुवा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“माझीही नव्हती,” मी म्हणालो.

७

घरी आलो, टेबलापाशी बसलो. संघाचा कागद वापरायचा नव्हता. माझा स्वतःचा कागद असा काही नव्हता. ताईनं हिशेबाच्या वहीमागची चार कोरी पानं फाडून दिली आणि समोर बसून राहिली. दोन पानं मी फाडली, कारण पहिल्यात मी फार माफी मागितली होती आणि दुसऱ्यात फार विज्ञान सांगितलं होतं. तिसरं असं झालं:

‘महोदया, तुमचं पत्र आठ तारखेला मिळालं. उत्तराला झालेला उशीर पूर्णपणे माझा आहे.

मासिकातला ०.९४ हा आकडा पाच मिलिमीटरचा नाही. तुमची शंका बरोबर होती. तो फोन पाचवर आमच्याकडे दोन वेगवेगळ्या नमुन्यांवर मोजला गेला. पहिल्या वेळी २.१२ आला, त्याचं पान आज आमच्याकडे नाही. दुसऱ्या वेळी, म्हणजे आज, २.०८ आला, त्याची सही केलेली प्रत सोबत आहे. मर्यादा १.६ आहे. पंधरा मिलिमीटरवर तो फोन मर्यादेत असल्याचं कंपनी सांगते आणि कायद्याची अट तेवढीच आहे, हेही तुम्हाला माहीत असावं.

खिशात फोन ठेवल्यानं आजार होतो, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. मर्यादा ठरवताना बरीच सूट राखलेली असते आणि आम्ही मोजतो ते फोनच्या पूर्ण शक्तीवर. रोजच्या वापरात तो बहुधा कमी शक्तीवर चालतो. म्हणून घाबरवून कुणाला काही सांगू नका. तुम्ही सांगितलंही नाही. काल तुमच्याकडून तो फोन विकत घेणारा म्हातारा मीच. तुम्ही मला कंपनीचीच ओळ वाचून दाखवलीत आणि फोन पिशवीत ठेवायला सांगितलंत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तुम्ही गिऱ्हाइकांना खोटं सांगितलं, असं लिहून देऊ नका. हे पत्र मालकांना दाखवा. त्यांना काही विचारायचं असेल तर खाली माझा घरचा पत्ता आहे. मी तुमच्या दुकानात येऊन, त्यांच्यासमोर उभं राहून हेच सांगायला तयार आहे.’

“शेवटचं वाक्य खरंच लिहिलंस?” ताईनं विचारलं.

“लिहिलंय.”

“जाशील?”

“सोमवारी सकाळी दुकान किती वाजता उघडतं, ते तिलाच विचारावं लागेल.”

पोस्ट पाचला बंद होतं. मी पावणेपाचला खिडकीपाशी पोचलो. कारकुनानं पाकीट वजनावर ठेवलं.

“साधं की नोंदणीचं?”

“नोंदणीचं. पोच हवी.”

“उद्या दुपारी मिळेल. पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाही तुम्ही.”

मी खिशातून पेन काढलं आणि पाकिटाच्या मागे माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. त्यानं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. रांगेतला माणूस म्हणाला, “आजोबा, झालं ना तुमचं?” मी म्हणालो झालं, आणि कारकुनानं थैलीचं तोंड बांधेपर्यंत खिडकीपासून हललो नाही.